भाड्याचं की स्वतःचं? सबस्क्रिप्शन आणि मालकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम, सॉफ्टवेअर, गाणी, ई-बुकं यांबद्दल मला जे प्रश्न येतात त्यातले निम्मे तरी एकाच खुंटीभोवती फिरतात: दर महिन्याला थोडेथोडे पैसे भरत राहायचं, की एकदाच काय ते देऊन मोकळं व्हायचं? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे किचकट. एकाचं उत्तर दुसऱ्यात मिळत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. सबस्क्रिप्शन काय किंवा खरेदी काय, दोन्हीकडे पैसेच जातात. मग फरक नेमका कुठे आहे?

पैसे भरणं थांबवल्यावर तो कळतो. सबस्क्रिप्शनची मुदत संपली की हातात काही उरत नाही. विकत घेतलेली गोष्ट उरते. निदान उरायला हवी. अडचण अशी की डिजिटल जगात 'विकत घेणं' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे हातात येणारी वस्तू: डिस्क, कार्ट्रिज, छापील पुस्तक. दुसरी, एखाद्या ऑनलाइन स्टोअरवर तुमच्या अकाउंटच्या नावे नोंदलेला वापराचा हक्क. तिसरी, कुलूप नसलेली फाईल, जी तुम्ही हव्या त्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवू शकता.

मी स्वतः एकच कसोटी लावतो. इंटरनेट बंद आहे, ती विकणारी कंपनीही बंद पडली आहे असं समजा. ही गोष्ट उद्या सकाळी चालेल का? चालणार असेल तर ती माझी. नाहीतर ते बिऱ्हाडच, भाडं एकरकमी भरलेलं असलं तरी.

२. मी 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबून गेम घेतला. तरी तो माझा नाही?

बहुतेक ऑनलाइन स्टोअरच्या करारानुसार नाही. तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना, म्हणजे लायसन्स. करारात हे पहिल्यापासून लिहिलेलं असतं, पण तो करार शेवटपर्यंत वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. कॅलिफोर्नियानं याच मुद्द्यावर २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला: डिजिटल वस्तू विकताना 'खरेदी' असा शब्द वापरायचा असेल, तर ग्राहकाला केवळ परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरनं त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली.

या कायद्यातला अपवाद मला जास्त बोलका वाटतो. जी फाईल कायमची उतरवून घेऊन ऑफलाइन वापरता येते, तिला तो लागू नाही. म्हणजे प्रश्न १ मधली तिसरी जात कायद्यालाही वेगळी दिसते.

३. मग विकत घेतलेली गोष्ट कंपनी खरंच काढून घेते, की ही नुसती भीती आहे?

रोज घडत नाही, पण घडलंय. २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्या ई-बुक वाचायच्या यंत्रावरून, विकत घेतलेली पुस्तकं दूरूनच पुसून टाकली. ज्यानं ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पुसल्या गेलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेल यांचं '१९८४' होतं, ज्यातलं सरकार नको असलेल्या जुन्या नोंदी पुसून टाकतं. एवढा योगायोग कुणी कथेत लिहिला असता तर संपादकानं कापला असता.

मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-बुकांचं स्टोअर बंद केलं. त्या वर्षीच्या जुलैपासून विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत केले गेले. पुस्तकाच्या समासात लिहिलेली टिपणं अर्थातच पैशांत मोजता येत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीनं जाहीर केलं की त्यांच्या प्लेस्टेशन या गेम कन्सोलवर विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम लोकांच्या लायब्ररीतून जाणार. ओरड झाली, हक्कांचा नवा करार झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. गेममधलं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'द क्रू'चं. ते प्रश्न १३ मध्ये आलं आहे.

४. गेमचं सबस्क्रिप्शन परवडतं का? हिशोब कसा मांडायचा?

एक आकडा आधी काढा: नव्या गेमची किंमत भागिले सबस्क्रिप्शनची महिन्याची फी. समजा उत्तर पाच आलं, म्हणजे एका गेमच्या पैशांत पाच महिन्यांची फी जाते. मग वर्षाच्या बारा महिन्यांच्या फीत साधारण अडीच गेम येतात. वर्षाला तीन किंवा जास्त नवे गेम खरोखर खेळत असाल तर सबस्क्रिप्शन स्वस्त, दोनच खेळत असाल तर खरेदी स्वस्त.

पण हा झाला कागदावरचा हिशोब. त्यात तीन खड्डे आहेत. एक म्हणजे 'खरोखर खेळणं'. मागे एकदा वर्षअखेरीला मी माझ्या कन्सोलवरची डाउनलोडची यादी उघडून बसलो. सबस्क्रिप्शनमधून तेवीस गेम उतरवले होते. शेवटपर्यंत नेले ते चार. सात गेममध्ये माझा वेळ अर्ध्या तासाहूनही कमी होता, आणि दोन तर मी कधी उघडलेच नव्हते. तेवीसांचा आनंद डाउनलोडची पट्टी भरताना झाला तेवढाच. भाग चारानं जातो, तेवीसानं नाही.

दुसरा खड्डा सवलतींचा. वरच्या हिशोबात गेम पहिल्या दिवशीच्या किमतीला धरला आहे. वर्षभर थांबायची तयारी असेल तर तोच गेम बऱ्याचदा निम्म्यात मिळतो, म्हणजे पाचाचा आकडा अडीचवर येतो आणि सबस्क्रिप्शन फायद्याचं व्हायला वर्षाला पाच गेम लागतात. डिस्क घेऊन, खेळून, विकून टाकणाऱ्याला तर खरेदी आणखी स्वस्त पडते.

तिसरा खड्डा एकाच गेमवर जीव जडलेल्यांचा. वर्षानुवर्षं तोच फुटबॉल, तीच शर्यत, तीच शेती खेळणाऱ्यांनी सबस्क्रिप्शनच्या वाटेला जाऊ नये. तो एक गेम विकत घ्यावा आणि सुखी व्हावं.

५. मग सबस्क्रिप्शन घ्यावंच कुणी?

ज्याला चाखून पाहायची आवड आहे त्यानं. चार-पाच तासांचे छोटे, वेगळ्या धाटणीचे गेम मी एरवी पैसे देऊन कधी घेतले नसते. सबस्क्रिप्शनमुळे खेळलो आणि त्यातले काही आजही आठवतात. घरात वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या आवडीची तीन-चार माणसं खेळत असतील तरी फायदा होतो. शिवाय एकच महिना घ्या, ठरवलेले दोन गेम संपवा आणि बंद करा. याला बरेच जण फसवणूक समजतात, का ते कळत नाही. महिन्याचे पैसे दिले, महिनाभर वापरलं. व्यवहार चोख आहे.

६. सदस्यांना दर महिन्याला 'फुकट' मिळणारे गेम कायमचे आपले होतात का?

सेवेवर अवलंबून आहे, आणि लोक इथेच फसतात. सोनीच्या प्लेस्टेशन प्लस या सबस्क्रिप्शनमध्ये महिन्याचे गेम आपल्या लायब्ररीत घेतले तरी सदस्यत्व चालू असेतोवरच ते उघडतात. खंड पडला की कुलूप, पुन्हा पैसे भरले की पुन्हा खुले. एपिकचं स्टोअर डिसेंबर २०१८ पासून गेम फुकट वाटतंय. तिथे सदस्यत्वाची अट नाही, त्यामुळे घेतलेला गेम अकाउंटवर राहतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवरच्या जुन्या 'गेम्स विथ गोल्ड' योजनेत तर दोन नियम एकाच छताखाली होते: एक्सबॉक्स ३६० चे गेम सदस्यत्व संपल्यावरही राहायचे, एक्सबॉक्स वनचे नाही. म्हणून 'फुकट' दिसलं की एवढंच शोधा: सदस्यत्व संपल्यावर काय?

७. सबस्क्रिप्शन बंद केलं तर माझी सेव्ह फाईल जाते का? आणि त्या गेमचं विकत घेतलेलं एक्सपान्शन?

सेव्ह फाईल म्हणजे गेममध्ये तुम्ही कुठवर पोचलात याची नोंद. कन्सोलच्या किंवा कॉम्प्युटरच्या डिस्कवरची ती सहसा जागेवरच राहते. तोच गेम त्याच मशीनवर नंतर विकत घेतला तर बहुतेक वेळा सोडला तिथून पुढे सुरू होतो. क्लाउडवरच्या प्रतीचं तसं नाही. काही कंपन्या क्लाउड सेव्ह सगळ्यांना फुकट देतात, काहींकडे ती सबस्क्रिप्शनचा भाग असते आणि ते संपल्यावर ठरावीक मुदतीनंतर पुसली जाते. बंद करण्याआधी सेव्ह फाईल मशीनवर उतरवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि शंभर तासांची मेहनत वाचते.

एक्सपान्शनचं, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या जास्तीच्या भागाचं, दुखणं वेगळं. ते तुम्ही पैसे देऊन घेतलेलं, म्हणून तुमच्या नावावरच राहतं. पण मूळ गेमच उघडत नसेल तर त्याचा उपयोग शून्य. घोडा गेला, खोगीर उरलं. सबस्क्रिप्शनमधल्या गेमवर जास्तीचे पैसे खर्च करण्याआधी मूळ गेम विकत घ्यायची तयारी आहे का ते स्वतःला विचारा.

८. कॅटलॉगमधला गेम मध्येच गायब का होतो?

कारण सबस्क्रिप्शन देणारी कंपनीही त्या गेमची भाडेकरूच असते. गेम बनवणाऱ्यांशी तिचा ठरावीक मुदतीचा करार असतो. तो संपला आणि पुढे जमलं नाही की गेम जातो. काही वेळा गेममध्ये वापरलेल्या गाण्यांचे, गाड्यांचे किंवा खेळाडूंच्या नावांचे हक्क संपतात आणि गेम सगळ्याच स्टोअरमधून उतरतो. तसं झालं तर आधी विकत घेतलेल्यांना तो सहसा पुन्हा डाउनलोड करता येतो, सबस्क्रिप्शनवाल्यांना नाही. 'लवकरच जाणार' अशी यादी बहुतेक सेवा आधी दाखवतात. लांबलचक गेम सुरू करण्याआधी तिच्यावर नजर टाकावी.

९. माझ्याकडे डिस्क आहे. मी निर्धास्त ना?

पूर्वी हो म्हणालो असतो. आता डिस्कमध्ये काय आहे ते पाहावं लागतं. पुष्कळ गेम पहिल्या दिवशीच मोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं डाउनलोड, मागतात आणि तो डिस्कवर नसतो; काही डिस्कवर तर जेमतेम गेमचा एक तुकडा असतो. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ या कन्सोलसोबत निन्टेंडोनं 'गेम-की कार्ड' आणलं. त्या कार्डात गेम नसतोच, असते ती किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड आत ठेवायचं. ते कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येतं, एवढा वस्तूचा गुण त्यात उरलाय. पण डाउनलोडचा सर्व्हर बंद झाल्यावर ती किल्ली कुठल्या दाराला लावायची?

यंत्राकडेही बघा. २०२४ चा पीएस५ प्रो, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ प्रो, डिस्क ड्राइव्हशिवायच विकला जातो. ड्राइव्ह वेगळा घेऊन बसवला तर पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. पीएस४ मध्ये तर आणखी बारीक गोम होती. आतली घड्याळाची छोटी बॅटरी मेली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्क होईना, तर गेम चालायचेच नाहीत, कारण ट्रॉफी (गेममधल्या कामगिरीचं बक्षीस) कधी मिळाली याची वेळ यंत्राला पक्की हवी असायची. खेळाडूंनी आरडाओरडा केल्यावर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. एका बटणएवढ्या बॅटरीवर कपाटभर डिस्क अडकून होत्या.

तरीही निवड असेल तिथे मी डिस्कच घेतो. दुसऱ्याला देता येते.

१०. 'डीआरएम-फ्री' म्हणतात ते काय असतं?

डीआरएम म्हणजे फाईलला लावलेलं कुलूप. 'हा माणूस हक्काचा ग्राहक आहे ना' हे ते दर वेळी किंवा अधूनमधून सर्व्हरला विचारतं. ते नसेल तर डीआरएम-फ्री. गेममध्ये यासाठी जीओजी या ऑनलाइन स्टोअरचं नाव पहिलं येतं. २००८ पासून ते गेमचा इन्स्टॉलर उतरवून ठेवायची सोय देतात. कायद्याच्या भाषेत तिथेही तुम्हाला परवानाच मिळतो, पण फाईल तुमच्या हार्ड डिस्कवर असते आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र ती उतरवून ठेवायचे कष्ट घ्यायला हवेत. 'हवा तेव्हा घेईन' म्हणून अकाउंटवरच ठेवला तर ऐन वेळी तुम्ही आणि बाकीचे एकाच रांगेत.

११. क्लाउड गेमिंगमध्ये विकत घेतलेला गेम कुठे असतो?

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. तुमच्याकडे येतं ते चित्र. गूगलच्या स्टेडियानं नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरुवात केली आणि १८ जानेवारी २०२३ ला दार लावलं. तिथे लोकांनी गेम पूर्ण किमतीला विकत घेतले होते. गूगलनं गेमचे आणि आपल्या स्टोअरमधून विकलेल्या कंट्रोलरचे पैसे परत दिले, कंट्रोलर ब्लूटूथवर चालावा अशी सोयही करून दिली. एवढा सभ्य निरोप सगळेच देतील असं धरून चालू नका. क्लाउडवर सबस्क्रिप्शन ठीक आहे. पण गेम फक्त क्लाउडवरच चालणार असेल तर पूर्ण किंमत मोजू नये, असं माझं ठाम मत आहे.

१२. सबस्क्रिप्शनची किंमत वाढली की काय करायचं?

वाढणार हे धरूनच घ्या. सुरुवातीची किंमत तुम्हाला आत आणण्यासाठी असते. मायक्रोसॉफ्टचं गेमचं सबस्क्रिप्शन, गेम पास, २०१७ मध्ये सुरू झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या सर्वांत वरच्या प्लॅनची अमेरिकेतली किंमत एका झटक्यात दीडपट झाली. विकत घेतलेल्या गेमची किंमत अशी मागून वाढत नाही. किंमत बदलली की प्रश्न ४ मधला भागाकार नव्यानं करा. जुनं उत्तर बाद झालेलं असतं.

१३. ऑनलाइनच चालणारा गेम विकत घेतला आणि सर्व्हर बंद झाले तर?

तर खरेदी आणि सबस्क्रिप्शन यांतला फरकच पुसला जातो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ मध्ये आला. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, बराचसा एकट्यानं खेळता येण्याजोगा, पण सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पाठोपाठ लोकांच्या लायब्ररीतून परवानाही काढून घेतला गेला. डिस्क असलेल्यांकडे उरली चकचकीत तबकडी.

यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही, पण बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. युरोपीय संघात या मागणीच्या नागरिक अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. युबिसॉफ्टनंही 'द क्रू'च्या पुढच्या दोन भागांना ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण सोनीच्या 'कॉन्कॉर्ड'चं: २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद, पैसे परत. नवा ऑनलाइन गेम घेताना पहिल्या दिवशी उडी न मारणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. स्टीमवर घेतला असेल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर परत करता येतो, हेही लक्षात असू द्या.

१४. ऑफिसचं किंवा फोटोचं सॉफ्टवेअर आता विकत मिळतच नाही का?

मिळतं, पण शोधावं लागतं. फोटोशॉप बनवणाऱ्या अॅडोबीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे क्रिएटिव्ह सूट हा एकरकमी विकला जाणारा संच नाही, फक्त सबस्क्रिप्शन. त्या संचाची २०१२ ची सीएस६ ही आवृत्ती एकरकमी घेता येणारी शेवटची. मायक्रोसॉफ्ट ३६५ या ऑफिसच्या सबस्क्रिप्शनच्या जाहिराती सगळीकडे दिसतात, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑफिस २०२४ एकरकमीही आलं आहे. मात्र एकरकमी म्हणजे कायमचं नव्हे: ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. सॉफ्टवेअर चालत राहतं, पण इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर ते जपून वापरावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये सबस्क्रिप्शनच्या बाजूनं असलेला हा खरा मुद्दा आहे. गेमला तो तितकासा लागू नाही. दहा वर्षांपूर्वीचा कोडी सोडवायचा गेम शिळा होत नाही.

मधला मार्गही आहे. प्रोग्रॅमिंगची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सकडे बारा महिने सलग पैसे भरले की त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीला असलेली आवृत्ती कायम वापरायचा हक्क मिळतो. हा न्याय इतरांनी का उचलू नये, हे मला आजतागायत कुणी पटवलेलं नाही. आणि गरज साधी असेल तर ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस, थ्रीडीला ब्लेंडर, चित्रं काढायला क्रिता आहेतच: फुकट, आणि कुलूपही नाही.

१५. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन संपलं तर मी बनवलेल्या फायली कुणाच्या?

तुमच्याच. पण घर तुमचं आणि किल्ली शेजाऱ्याकडे, अशी गत होते. मायक्रोसॉफ्ट ३६५ संपल्यावर डेस्कटॉपवरच्या ॲपमध्ये फाईल उघडून वाचता, छापता येते, बदलता येत नाही. त्या फायली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात म्हणून निभावतं. डिझाइनच्या फायलींत मात्र लेयर, फॉन्ट, इफेक्ट दुसरीकडे नेताना मोडतात. म्हणून संपलेलं प्रत्येक काम मी मूळ फाईलसोबत टिफ किंवा पीडीएफमध्येही ठेवतो. सबस्क्रिप्शन बंद करायच्या आदल्या आठवड्यात बसून सगळं एक्स्पोर्ट करणं हा भयंकर कंटाळवाणा उद्योग आहे, अनुभवानं सांगतो.

१६. गाणी आणि पुस्तकांचं काय? तिथेही हाच न्याय?

गाण्यांची स्थिती सगळ्यांत बरी. ॲपलनं २००९ मध्येच विकत घेतलेल्या गाण्यांचं कुलूप काढलं, बँडकँप या गाणी विकणाऱ्या साइटवर तर एमपी३ पासून दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅकपर्यंत हवी ती फाईल मिळते. स्पॉटिफायवर 'डाउनलोड' केलेलं गाणं मात्र तसं नाही: तीस दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, आणि ती फाईल ॲपबाहेर वाजत नाही. रोज नवं ऐकणाऱ्याला सबस्क्रिप्शन, त्याच पन्नास अल्बमांत रमणाऱ्याला खरेदी.

ई-बुकांत उलटी गंगा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉननं किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं हलवायची सोय काढून टाकली. पुन्हा वाचणार असाल ते पुस्तक छापील घ्यावं, नाहीतर प्रकाशक कुलूप नसलेली ईपब, म्हणजे ई-बुकाची फाईल, देत असेल तर ती.

१७. वस्तू विकत घेतली, तरी तिच्यातल्या सोयीसाठी महिन्याला पैसे का मागतात?

कारण वस्तू एकदाच विकता येते, सोय दर महिन्याला. बीएमडब्ल्यूनं २०२२ मध्ये काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक शुल्क ठेवलं. सीटमधल्या तारा गाडीत आधीपासून होत्याच. पुढच्या वर्षी त्यांनी तो प्रकार थांबवला. त्याहून वाईट म्हणजे सर्व्हरशिवाय वस्तूच निकामी होणं. घरातले दिवे, कुलपं चालवणारा रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता. नेस्टनं तो बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. हब तिथेच, वीज चालू, आणि उपयोग काही नाही.

माझा स्वतःचा किस्सा प्रिंटरचा. शाईची मासिक योजना घेतली होती, छापणं कमी झालं म्हणून बंद केली. महिन्याभरानं भाचीच्या शाळेचा प्रकल्प छापायला बसलो तर स्क्रीनवर संदेश: ही कार्ट्रिज योजनेतली आहे, योजना चालू नाही. कार्ट्रिज काढून हातात घेतली. वजनावरूनच कळत होतं की शाई निम्म्याहून जास्त आहे. प्रिंटर माझा, कागद माझा, शाई भाड्याची. करारात ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. त्या रात्री भाचीनं प्रकल्प हातानं लिहिला आणि अक्षरासाठी तिला शाबासकी मिळाली, ही गोष्ट वेगळी.

१८. नकळत चालू राहिलेली सबस्क्रिप्शनं कशी शोधायची आणि बंद करताना काय बघायचं?

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तो हा प्रकार. बँकेचं तीन नव्हे, तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. वार्षिक रिन्यूअल त्याशिवाय सापडत नाही. फोनच्या ॲप स्टोअरमधली यादी वेगळी बघा, कारण स्टेटमेंटवर तिथली सगळी नावं 'ॲपल' किंवा 'गूगल' अशीच दिसतात. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, हा समज चुकीचा आहे.

बंद करताना 'वार्षिक करार, मासिक हप्ता' हे शब्द शोधा. अशा प्लॅनमध्ये मध्येच सोडल्यास दंड लागू शकतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२४ मध्ये अॅडोबीवर याच कारणावरून दावा लावला: लवकर सोडण्याचं शुल्क नीट सांगितलं जात नाही, असा त्यांचा आरोप होता. फुकट ट्रायल घेतलीत तर त्याच दिवशी बंद करून टाका. बऱ्याच ठिकाणी ट्रायल मुदतीपर्यंत चालूच राहते. काही ठिकाणी लगेच तुटते, तेवढं आधी वाचून घ्या.

१९. 'लाइफटाइम' प्लॅन घ्यावा का?

लाइफ कुणाचं ते विचारा. तुमचं नसतं, त्या सेवेचं असतं. मी हिशोब असा करतो: किंमत दोन वर्षांच्या फीएवढी असेल आणि सेवा दोन वर्षं टिकेल असं वाटत असेल तर घ्यायचा, पुढचं सगळं बोनस. कंपनीला चालू खर्च असणारी सेवा, म्हणजे सर्व्हरवरची साठवण वगैरे, लाइफटाइमच्या नावानं विकली जात असेल तर मी लांब राहतो. महिन्याचा खर्च एकदाच आलेल्या पैशांतून किती दिवस भागणार?

२०. खेळून झालेला डिजिटल गेम विकता येतो का?

व्यवहारात नाही. युरोपीय न्यायालयानं २०१२ मध्ये 'यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल' या खटल्यात सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना पुढे विकता येतो असं ठरवलं, तेव्हा बऱ्याच जणांच्या आशा पालवल्या. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं 'टॉम कॅबिनेट' प्रकरणात ई-बुकांना तो न्याय नाकारला, आणि अमेरिकेत २०१८ मध्ये 'रीडिजी' या जुनी डिजिटल गाणी विकणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल गेला. स्टोअरनं सोयच दिली नाही तर हक्क असून तरी कुठे विकणार? घरातल्या घरात वाटून घ्यायची सोय मात्र आहे: स्टीमवर सहा जणांपर्यंत कुटुंब करता येतं, वेगळे गेम एकाच वेळी खेळता येतात. तोच गेम दोघांना एकदम हवा असेल तर दोन प्रती लागतात.

२१. माझ्या पश्चात माझी डिजिटल लायब्ररी मुलांना मिळेल का?

हा प्रश्न हल्ली वाढलाय. पहिल्या पिढीचे खेळाडू पन्नाशी ओलांडताहेत. स्टीमच्या करारानुसार अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ॲपलनं डिसेंबर २०२१ मध्ये वारस नेमायची सोय आणली. फोटो, टिपणं, संदेश त्या व्यक्तीला मिळतात. विकत घेतलेले चित्रपट, गाणी, पुस्तकं मिळत नाहीत. पासवर्ड लिहून ठेवणं हा मार्ग पुष्कळ जण वापरतात, करारात मात्र तो बसत नाही. डिस्क, कार्ट्रिज आणि उतरवून ठेवलेल्या कुलूप नसलेल्या फायली (प्रश्न १०) घरातल्या इतर वस्तूंसारख्याच पुढच्यांच्या हाती येतात. त्या फायलींच्या हार्ड डिस्कला तुम्ही पासवर्ड लावला असेल, तर तो तेवढा कुठेतरी कागदावर लिहून ठेवा.